सुट्या भागांचा मॅक : एका यादीचा इतिहास

घरी संगणक जुळवणाऱ्या माणसाला बाजारात मोकळीक असते. मदरबोर्ड एका कंपनीचा, मेमरी दुसरीची, ग्राफिक कार्ड तिसरीचं आणि डबा चौथ्याच दुकानातला. सगळं एकत्र आणून विंडोज किंवा लिनक्स टाकलं की यंत्र चालतं. एखादा ड्रायव्हर शोधावा लागला तर लागतो, एवढंच. पण त्याच माणसाने ठरवलं की या डब्यात अ‍ॅपलची मॅक प्रणाली चालवायची, की ही मोकळीक संपते. दुकानात पन्नास कार्डं मांडलेली असली तरी त्यातली चार-पाचच चालतात. ती कुठली, हे सांगणारी एक यादी गेली वीस वर्षं हातोहात फिरते आहे. अशा यंत्राला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. हॅक आणि मॅकिंटॉश या दोन शब्दांचा हा जोड.

एरवी मी फर्मानं, वक्फनामे आणि जुन्या वर्तमानपत्रांविषयी लिहितो. त्यामुळे कागदांची जी सवय लागली आहे, तिच्यामुळे ही यादी मला खरेदीच्या चिठ्ठीसारखी कमी आणि दप्तरातल्या कागदासारखी जास्त दिसते. तिच्यात भाग चांगले की वाईट याला महत्त्व नाही. महागडं, वेगवान कार्ड तिच्यात नसतं आणि तीन वर्षांपूर्वीचं साधं कार्ड असतं. निकष एकच : अ‍ॅपलने आपल्या एखाद्या यंत्रात हा भाग, किंवा त्याच घराण्यातला दुसरा, कधी बसवला होता का? बसवला असेल तर प्रणालीत त्याचा ड्रायव्हर सापडतो. नसेल तर तुम्ही कितीही पैसे मोजा, पडदा काळाच. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने कुठल्या वर्षी कोणाकडून काय विकत घेतलं, त्याची ही सावली आहे. सावली सरकली की मुंबईतल्या एखाद्या पोराचं कार्ड रात्रीत निरुपयोगी होतं.

हा प्रकार इंटेलच्या काळात सुरू झाला असं बहुतेकांना वाटतं. तो मॅकइतकाच जुना आहे.

१९८४ च्या जानेवारीत पहिला मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. त्यातला मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर काही अ‍ॅपलची मक्तेदारी नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारी एसटी आणि कमोडोर अमिगा या स्वस्त यंत्रांतही तोच होता. मॅकचं वेगळेपण ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये होतं. खिडक्या काढणं, मेन्यू उघडणं, अक्षरं आणि आकृत्या रेखाटणं, हे सगळं काम त्या चिपांमध्ये कोरलेलं होतं. फ्लॉपीवरची प्रणाली या रॉमला विचारल्याशिवाय एक रेघ ओढू शकत नव्हती. आयबीएमच्या पीसीची गोष्ट वेगळी होती. त्याचा बायोस छोटा होता. कॉम्पॅक आणि नंतर फिनिक्स या कंपन्यांनी मूळ कोड न बघणाऱ्या माणसांकडून तसाच बायोस नव्याने लिहून घेतला आणि नकलांचा बाजार खुला झाला. मॅकच्या रॉमबाबत हे जवळपास अशक्य होतं. शिवाय जशीच्या तशी नक्कल करण्याचा रस्ताही कोर्टाने बंद करून टाकला होता. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने अ‍ॅपल टू या जुन्या यंत्राची नक्कल काढली होती. १९८३ साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने निकाल दिला की रॉममध्ये कोरलेला प्रोग्रॅमही पुस्तकासारखाच कॉपीराइटमध्ये येतो.

मग लोकांनी काय केलं? रॉमची नक्कल नाही करता येत, तर खरीच रॉम मिळवली. डेव्हिड स्मॉल नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने अटारी एसटीसाठी ‘मॅजिक सॅक’ नावाचं एक काडतूस बनवलं. ते रिकामं विकलं जाई. आत मॅकच्या रॉमच्या चिपा तुम्ही स्वतः आणून बसवायच्या. जुन्या मॅकची रॉम बदलून १२८ किलोबाइटची नवी बसवण्याची सोय तेव्हा निघाली होती, त्यामुळे काढून टाकलेल्या जुन्या चिपा बाजारात मिळू लागल्या होत्या. त्या बसवल्या की अटारीच्या पडद्यावर मॅक अवतरत असे. पुढे त्यानेच ‘स्पेक्टर’ काढलं. त्याच्या जीसीआर या आवृत्तीने आणखी एक गाठ सोडवली. मॅकची फ्लॉपी आतल्या आणि बाहेरच्या कड्यांवर वेगवेगळ्या गतीने फिरत असे, त्यामुळे ती अटारीला वाचता येत नव्हती. आता येऊ लागली. ‘कुठला भाग जुळतो’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे असं होतं : प्रोसेसर कुठेही मिळेल, रॉम मात्र अस्सल हवी.

‘आउटबाउंड’ नावाच्या लॅपटॉपची गंमत तर याहून पुढची. अ‍ॅपलचा धड लॅपटॉप नव्हता तेव्हा या कंपनीने तो काढला, पण त्यात बसवायची रॉम गिऱ्हाइकाच्या जुन्या मॅकमधून उपसून घ्यावी लागे. एका यंत्राचा जीव दुसऱ्यात घालायचा, आणि पहिलं मढं होऊन पडायचं!

याच सुमाराला बॉब ब्रँट या लेखकाने ‘कॅट मॅक’ ही कल्पना मांडली. कॅट म्हणजे मांजर नव्हे, कॅटलॉग. घरी मॅक बांधून पैसे वाचवा, अशा अर्थाच्या नावाचं त्याचं पुस्तक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. कृती सोपी होती. दुरुस्तीच्या बाजारातून अ‍ॅपलचा मूळ लॉजिक बोर्ड घ्यायचा आणि बाकी सगळं, म्हणजे पेटी, वीजपुरवठा, हार्ड डिस्क, पडदा, कॅटलॉगातून मागवायचं. रॉम बोर्डावरच असल्याने कायद्याचा प्रश्न येत नव्हता. अ‍ॅपलने विकलेली वस्तूच तुम्ही वापरत होता, फक्त तिचं घर बदललेलं. माझ्या मते घरी बांधलेल्या मॅकच्या सगळ्या इतिहासात हा सर्वांत स्वच्छ, कोणालाही तोंड चुकवावं न लागणारा काळ होता. भंगारातून बोर्ड उचलून त्याला नवं अंग देणारी माणसं आपल्याकडे कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत किती आहेत ते वाचकांना सांगायला नको. ती ही कृती वाचताच ओळखतील.

अ‍ॅपललाही अधूनमधून मोह होत होता. १९९२ मध्ये नॉव्हेल कंपनीच्या जोडीने ‘स्टार ट्रेक’ या टोपणनावाचा एक प्रकल्प चालला. त्यात मॅकची सिस्टिम ७ इंटेलच्या ४८६ यंत्रावर चालवून दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी तो गुंडाळला गेला. मग १९९५ पासून पॉवर कम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्यांना परवाना देऊन मॅकच्या अधिकृत नकला विकू दिल्या. त्या स्वस्त आणि कधी कधी अ‍ॅपलच्या यंत्रांपेक्षा वेगवान निघाल्या. नव्या बाजारात शिरण्याऐवजी त्या अ‍ॅपलचंच गिऱ्हाईक पळवू लागल्या. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ परतले, तेव्हा त्यांनी हे दुकान बंद केलं. पॉवर कम्प्युटिंगचा मॅक व्यवसाय १० कोटी डॉलरचे शेअर देऊन विकत घेतला आणि परवाने संपवले.

पण जॉब्झ येताना सोबत जे घेऊन आले, त्यातच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी होतं. त्यांची नेक्स्ट ही कंपनी अ‍ॅपलने ४० कोटींहून अधिक डॉलर देऊन घेतली ती तिच्या नेक्स्टस्टेप या प्रणालीसाठी. ही प्रणाली १९९३ पासूनच साध्या इंटेल पीसीवर चालत होती. नेक्स्टने स्वतःची यंत्रं बनवणं तेव्हा सोडून दिलं होतं आणि बाजारातले कुठले पीसी, कुठली ग्राफिक कार्डं, कुठली डिस्क कार्डं चालतील याची सूची कंपनी स्वतः प्रसिद्ध करत असे. म्हणजे आजच्या मॅक प्रणालीची आजी, जिच्या पोटी २००१ साली मॅक ओएस टेन जन्मली, ती एकेकाळी अधिकृतपणे सुट्या भागांच्या संगणकावर चालायची आणि जुळणाऱ्या भागांची यादी तिच्या घरचीच होती. हॅकिंटॉशवाल्यांना चोर म्हणणाऱ्यांनी हा एवढा वारसा तरी ध्यानात ठेवावा.

इंटेलशी असलेलं हे नातं अ‍ॅपलने आतून तोडलं नव्हतंच. ६ जून २००५ रोजी जॉब्झ यांनी जाहीर केलं की मॅक आता पॉवरपीसी सोडून इंटेलवर येणार, आणि हेही सांगितलं की गेल्या पाच वर्षांत निघालेली प्रत्येक आवृत्ती गुपचूप दोन्ही प्रोसेसरांसाठी तयार होत होती. प्रोग्रॅमरांना सरावासाठी ९९९ डॉलरला एक यंत्र भाड्याने दिलं गेलं. बाहेरून पॉवर मॅकची अ‍ॅल्युमिनियमची पेटी, आत इंटेलचा पेंटियम ४ आणि जवळपास साधाच पीसी बोर्ड. त्यातली प्रणाली काही आठवड्यांत बाहेर फुटली. तिने सुरू होताना बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपेला विचारावं, अशी सोय होती. ‘मॅक्सस’ हे टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी ती चौकशी काढून टाकणारे पॅच लिहिले. त्या पहिल्या दिवसांतली यादी किती तोकडी होती! इंटेलचा एसएसई२ किंवा त्याहून चांगलं एसएसई३ असलेला प्रोसेसर आणि जीएमए ९०० हे बोर्डातच असलेलं ग्राफिक. ते का? तर भाड्याच्या यंत्रात तेच होतं, म्हणून.

जानेवारी २००६ मध्ये खरे इंटेल मॅक आले, तेव्हा कुलूप बदललं. जुन्या बायोसऐवजी ईएफआय हे नवं फर्मवेअर आलं. पंखे आणि तापमान सांभाळणाऱ्या एसएमसी चिपेत एक किल्ली ठेवली गेली आणि प्रणालीतले काही मुख्य प्रोग्रॅम त्या किल्लीशिवाय उलगडणार नाहीत अशी व्यवस्था झाली. हे काम करणाऱ्या भागाचं नाव अ‍ॅपलने चक्क ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं ठेवलं होतं, म्हणजे ‘चोरू नका’. कुलपावरच उपदेश. आपल्याकडे वाचनालयातल्या पुस्तकांवर ‘पाने फाडू नयेत’ असा शिक्का असतो, त्याची मला दर वेळी आठवण येते.

किल्लीची नक्कल झाली, ईएफआयचंही सोंग आणता आलं. २००८ च्या आसपास डेव्हिड इलियट यांच्या बूट-१३२ आणि नंतर कॅमेलियन या बूटलोडरांमुळे फुटकी, कोणीतरी फेरफार केलेली डीव्हीडी वापरायची गरज उरली नाही. दुकानातून विकत घेतलेल्या मूळ डीव्हीडीवरूनच प्रणाली टाकता येऊ लागली. तांत्रिकदृष्ट्या ही मोठी पायरी होती आणि नैतिकदृष्ट्याही. आता माणूस म्हणू शकत होता की सॉफ्टवेअरचे पैसे मी दिले आहेत, फक्त डबा माझा आहे.

अ‍ॅपलचं म्हणणं होतं की परवान्यात स्पष्ट लिहिलंय, ‘अ‍ॅपलचं नाव असलेल्या’ संगणकावरच ही प्रणाली टाकता येईल. (आयपॉडच्या खोक्यात मिळणारा सफरचंदाचा स्टिकर आपल्या पीसीवर चिकटवून ‘घ्या, आलं नाव’ म्हणणारे विनोदी लोक तेव्हा पुष्कळ होते.) हा प्रश्न कोर्टात नेला तो सायस्टार नावाच्या फ्लोरिडातल्या छोट्या कंपनीच्या धंद्याने. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी ४०० डॉलरच्या आसपास किमतीपासून सुरू होणारा, मॅक प्रणाली चालवणारा पीसी विकायला काढला. जुलैमध्ये अ‍ॅपलने खटला भरला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी निकाल अ‍ॅपलच्या बाजूने दिला, आणि २०११ मध्ये अपिलातही परवान्याची अट टिकली.

निकालातला तपशील बघण्यासारखा आहे. सायस्टार प्रत्येक यंत्रामागे एक डीव्हीडी विकत घेत असल्याचं सांगत असे. पण यंत्रांत प्रणाली टाकताना ती त्या डीव्हीडीवरून जात नव्हती. आधी बदल केलेली एक मुख्य प्रत बनवून तिच्या नकला सगळ्या यंत्रांत उतरवल्या जात होत्या. कोर्टाने या नकला, प्रणालीतले बदल आणि कुलूप तोडण्याची हत्यारं, तिन्ही बेकायदा ठरवली. मला हा निकाल धंद्यापुरता बरोबर वाटतो. दुसऱ्याच्या प्रणालीत फेरफार करून ती विकत बसायचं, हा हक्क सायस्टारला कुठून मिळणार? पण ज्याने डीव्हीडी विकत घेतली, घरी एकच यंत्र जुळवलं, कोणाला काही विकलं नाही, त्याचं काय? परवान्याचा भंग त्यानेही केलाच, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी वस्तू विकून झाल्यावर ती कुठे ठेवायची हेही विकणाऱ्यानेच ठरवायचं, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. लढाई विक्रेत्याशी झाली, आणि हौशी माणूस त्या निकालाच्या उंबरठ्यावर तसाच उभा राहिला.

याच वर्षांत यादीचा स्वभाव सर्वांत चांगला कळतो तो डेलच्या मिनी ९ या छोट्या लॅपटॉपवरून. अगदी स्वस्तातलं ते नेटबुक मॅक प्रणाली इतकी छान चालवायचं की लोक थक्क होत. कारण त्यातलं जीएमए ९५० हे ग्राफिक २००६ च्या मॅकबुक आणि मॅक मिनीमध्येही होतं. पण प्रोसेसर होता इंटेल अ‍ॅटम, जो अ‍ॅपलने कधीच वापरला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये १०.६.२ ही किरकोळ दुरुस्ती आली आणि अ‍ॅटमवरचे मॅक सुरूच होईनात. मुद्दाम केलं की नको असलेला कोड साफ करताना झालं, यावर तेव्हा खूप वाद झाले. यादीच्या दृष्टीने फरक शून्य. अ‍ॅपलच्या खरेदीत नसलेला भाग उधारीवर चालत होता, ती उधारी संपली.

आता माझ्या ओळखीतल्या यंत्राविषयी. भिवंडीतल्या माझ्या मामेभावाचं एक छोटं दुकान आहे. निकाहच्या दावतनाम्यांपासून हळदीकुंकवाच्या पत्रिकांपर्यंत सगळं तो छापतो आणि लग्नाचं चित्रणही करतो. त्याची अडचण दुहेरी होती. उर्दूचं काम म्हणजे इनपेज. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ मध्ये विंडोजसाठी बनवलेला हा प्रोग्रॅम नूरी नस्तालिकसकट आला आणि आपल्याकडची उर्दू छपाई कातिबाच्या लेखणीतून थेट विंडोजच्या पदरात पडली. म्हणूनच उर्दू छपाईच्या माझ्या माहितीतल्या दुकानांत मॅक क्वचितच दिसायचा. आणि भावाला चित्रणाचं संपादन करायचं होतं फायनल कट प्रोवर, जे तेव्हा फक्त मॅकवर चालायचं. दोन यंत्रांचे पैसे नव्हते. २०१३ च्या सुरुवातीला त्याने एकाच डब्यात दोन डिस्क बसवायचं ठरवलं, एकीवर विंडोज आणि दुसरीवर माउंटन लायन.

लॅमिंग्टन रोडवर आम्ही दोघं हातात चिठ्ठी घेऊन फिरलो. त्या चिठ्ठीतला प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या खऱ्या मॅकचा नातेवाईक होता. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, कारण २०१२ च्या आयमॅकमध्ये तीच पिढी. जीटी ६४० हे एनव्हिडियाचं साधं कार्ड, कारण त्यातली केप्लर चिप त्या वर्षीच्या मॅकबुक प्रोमध्येही होती. टीपी-लिंकचं डब्ल्यूडीएन४८०० हे वायफाय कार्ड, कारण त्यातली अथेरॉस चिप २०११ च्या आयमॅकमध्ये बसलेली. आणि बोर्ड गिगाबाइटचा. यात अ‍ॅपलचा संबंध नव्हता. त्या पिढीत काही कंपन्यांच्या बोर्डांनी प्रोसेसरची वीज सांभाळणारं एक रजिस्टर कुलूपबंद करून ठेवलं होतं आणि मॅक प्रणालीला त्यात लिहायचं असे, न लिहिता आलं तर ती कोसळे. गिगाबाइटच्या बोर्डांत ते उघडं होतं.

दुकानदार भला माणूस होता. त्याला आमचा हट्ट समजेना. “भाई, ये रेडिऑन लो ना, इससे डबल तेज है,” असं तो तीनदा म्हणाला. भाऊ म्हणाला, “चाचा, तेज नको, मुकाट चालणारं द्या.” डबा घरी आला, दोन रात्रींत चालू झाला. पहिल्या वर्षी तो झोपेतून उठायला कुरकुर करायचा, आणि अ‍ॅपलची नवी दुरुस्ती आली की भाऊ आठवडाभर तिला हात लावत नसे. आधी दुसऱ्यांची यंत्रं वाचतात का ते बघायचं. पण त्या एका पेटीवर त्याने चार-पाच लग्नसराया काढल्या. सकाळी विंडोजमध्ये दावतनामा लावायचा, रात्री मॅकमध्ये वरात कापायची. असं दुकान चालवणाऱ्याला ‘परवडत नसेल तर मॅक वापरू नका’ हे सांगणं सोपं आहे, आणि सांगणाऱ्याच्या टेबलावर बहुधा मॅक असतो.

पुढची सात-आठ वर्षं लढा ग्राफिक कार्डांभोवती फिरला. केप्लरनंतरच्या पिढ्या अ‍ॅपलने घेतल्याच नाहीत, पण एनव्हिडिया स्वतःचे वेब ड्रायव्हर देत असल्याने २०१७ च्या हाय सिएरापर्यंत ती कार्डं चालली. २०१८ मध्ये मोहावे आली आणि तिच्यासाठी हे ड्रायव्हर आलेच नाहीत. महागडी जीटीएक्स १०८० घेतलेले लोक जुन्या प्रणालीवर अडकून पडले. उलट एएमडीचं आरएक्स ५८० रातोरात राजा झालं. २०१७ मध्ये अ‍ॅपलने प्रोग्रॅमरांसाठी बाहेरून जोडायच्या ग्राफिकचा जो संच विकला, त्यात हेच कार्ड होतं. दुर्दैवाने क्रिप्टो खणणाऱ्यांनाही तेच आवडलं, म्हणून आधी किंमत आभाळाला भिडली आणि मग खाणीत राबून थकलेली कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली. अशा कार्डात खाणकामासाठी बदललेलं बायोस असे. घेणाऱ्याला ते आधी मूळ पदावर आणावं लागे.

२०१९ मध्ये आलेल्या ओपनकोअर या बूटलोडरने ही सगळी कला शिस्तीत आणली. प्रोसेसरची पिढी कुठली, बोर्ड कुठला, त्याप्रमाणे काय लिहायचं आणि का लिहायचं, हे सांगणारा मजकूर त्याच्यासोबत आला. पूर्वीसारखं एका बटणात सगळं होत नसे, माणसाला आपलं यंत्र समजून घ्यावं लागे. यादीच्या कडाही आता लख्ख दिसू लागल्या. अ‍ॅपलने एएमडीचा प्रोसेसर कधीच घेतला नाही, म्हणून रायझनवर चालवायला प्रणालीच्या गाभ्यात पॅच मारावे लागतात. इंटेलची दहावी पिढी शेवटची, कारण ऑगस्ट २०२० च्या २७ इंची आयमॅकमध्ये ती होती. अकराव्या पिढीतलं बोर्डावरचं ग्राफिक चालतच नाही, आणि बाराव्या पिढीला ‘मी दहावीच आहे’ असं खोटं सांगून आत सोडावं लागतं.

गंमत बघा, कला पूर्णत्वाला पोचली तेव्हाच तिचं मैदान गेलं. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेल सोडत असल्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये एम१ आली. तिच्यात प्रोसेसर आणि ग्राफिक एकाच चिपेत, मेमरी तिला चिकटून, आणि सुरू होताना कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणारी सुरक्षाही आतच. ती चिप लॅमिंग्टन रोडवर काय, तैवानमध्येही सुटी विकत मिळत नाही. १९८४ मध्ये रॉम तरी उपसून दुसरीकडे बसवता येत होती.

त्यानंतर यादीतून एकेक नाव गळत गेलं. २०२१ च्या माँटेरेने केप्लर कार्डं सोडली, २०२३ च्या सोनोमाने जुनी ब्रॉडकॉम वायफाय कार्डं. जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. तीही फक्त चार इंटेल मॅकवर : २०१९ चा मॅक प्रो, २०१९ चं १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चं चार पोर्टांचं १३ इंची मॅकबुक प्रो आणि २०२० चा २७ इंची आयमॅक.

कॉलेजातली मुलं अजूनही विचारतात की असा डबा आज बांधावा का. मी सांगतो, त्यासाठी नवे भाग घेऊ नका. जुना एम१ मॅक मिनी त्याहून कमी कटकटीचा पडेल. पण घरात दहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि आरएक्स ५८० किंवा ६६०० असलेला संगणक आधीच पडला असेल, तर एक रिकामी एसएसडी जोडा आणि ओपनकोअरचा मजकूर पहिल्या पानापासून वाचायला घ्या. तो वाचताना संगणक सुरू कसा होतो हे जितकं कळतं, तितकं मला तरी दुसरीकडे कुठे कळलं नव्हतं. टाहोला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून काही वर्षं मिळत राहतील, तेवढा वेळ त्याला पुरे.